पाहिलेल्या बेटावर पुन्हा जाताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही न्यू जर्सीत राहता. २०१४ मध्ये लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला दोघं बेक्वेला, म्हणजे कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स या देशातल्या लहानशा बेटावर, चार रात्री राहून आलात. आता मुलं शिकायला बाहेर गेलीत आणि दहा दिवस हाताशी आहेत. तुम्हाला पुन्हा तिथेच जायचंय. तुमचे यजमान म्हणतात, "पाहिलेलंच परत काय पाहायचं? तेवढ्या पैशांत तीन बेटं होतील." त्यात तुमचे गुडघे आता कुरकुर करायला लागलेत, आणि एवढ्या वर्षांत तिथलं सगळं बदललं असेल का, ही धाकधूक वेगळीच.

मी एकोणीस वर्षं कॅरिबियनमधल्या लहान बेटांच्या सहली आखून देते. बेक्वेला स्वतः सात वेळा राहिले आहे, कधी कामासाठी, कधी निव्वळ ओढीनं. म्हणून सरळ सांगते: दहाही दिवस बेक्वेतच राहा. फक्त जुनी खोली घेऊ नका, आणि २०१४ ची यादी सोबत नेऊ नका.

कारण सांगते. तुमच्या प्रश्नात बेटाचं नाव असलं तरी अडचण बेटाची नाहीये. तुमच्या यजमानांना रिकाम्या वेळाची भीती वाटतेय आणि तुम्हाला हिरमोड होण्याची. चौथ्या दिवशी 'आता काय करायचं' असं होईल, ही त्यांची काळजी. मनात जपलेलं काहीतरी मोडेल, ही तुमची. तीन बेटं घेतली की दोन्ही काळज्या धावपळीखाली दबतात, म्हणून तो पर्याय दोघांनाही बरा वाटतो. पण दबलेल्या गोष्टी नेमक्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी डोकं वर काढतात. हे मी बऱ्याच जोडप्यांच्या बाबतीत पाहिलंय.

तीन बेटांचा हिशेब कागदावर मांडून बघा. घरून निघण्याचा आणि परतण्याचा असे दोन दिवस गेले. बेट बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरा, खोली रिकामी करा, बोटीची किंवा लहान विमानाची वाट बघा, नव्या जागी किल्ली घ्या, दूध-ब्रेड कुठे मिळतं ते शोधा. तो दिवस गेलाच म्हणायचा. दोन वेळा बेट बदललं की दहातले सहा दिवस उरले, म्हणजे एका बेटाला दोन. बेक्वेसारख्या जागी दोन दिवस म्हणजे नुसतं ओझरतं दर्शन, आणि ते तुम्ही २०१४ मध्येच घेऊन झालाय.

शिवाय दक्षिणेकडच्या बेटांचं दुखणं वेगळं आहे. १ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ युनियन आयलंड, मेरो आणि शेजारच्या कॅरियाकूवरून गेलं आणि युनियनवर तर छप्पर शिल्लक राहिलेलं घर शोधावं लागत होतं. बेक्वे त्या मानानं बचावलं. दक्षिणेच्या बेटांवर जरूर जा, तिथल्या लोकांच्या हातात चार पैसे पडायलाच हवेत. पण मुक्काम बेक्वेत ठेवून एका दिवसासाठी जा. टोबॅगो कीज हा निर्मनुष्य बेटांचा पुंजका आहे, सागरी उद्यान म्हणून राखलेला. बाराडाल नावाच्या बेटाजवळ उथळ पाण्यात समुद्री कासवं चरायला येतात. बेक्वेहून दिवसभराच्या शिडाच्या सफरी निघतात. तुमच्या यजमानांना 'काहीतरी केलं' असं वाटायला तो एक दिवस पुरेसा आहे. तो सहाव्या किंवा सातव्या दिवशी ठेवा. सुरुवातीला ठेवलात तर बाकीचे दिवस त्याच्यापुढे फिके वाटतात.

आता जुन्या खोलीबद्दल. काही वर्षांपूर्वी टोरांटोच्या एका जोडप्याला मी हट्टानं पहिल्या सहलीतलीच खोली मिळवून दिली होती. तोच आठवडा, तीच गॅलरी. मला वाटलं, केवढी छान भेट! ते लोअर बेला गेले तर आदल्या आठवड्यातल्या उत्तरेच्या लाटांनी किनाऱ्यावरची वाळू ओढून नेलेली. ज्या झाडाखाली त्यांनी फोटो काढला होता, त्याची मुळं उघडी पडली होती. काका दिवसभर फोनवरचा जुना फोटो आणि समोरचा किनारा आळीपाळीनं बघत बसले. वाळू पुढच्या काही आठवड्यांत परत येते, तिथे दरवर्षी हे घडतं. पण त्यांच्या दहा दिवसांचा रंग त्या दुपारी उतरला तो उतरलाच. तेव्हापासून दुसऱ्यांदा जाणाऱ्यांना मी जुनी जागा देत नाही. त्याच बेटाच्या दुसऱ्या अंगाला राहिलं की तुलना आपोआप कमी होते, आणि जुन्या जागी आपण पाहुण्यासारखे, अर्धा दिवस जाऊन येतो. तेवढंच बरं असतं.

तुम्ही मागच्या वेळी फ्रेंडशिप बेला राहिला होतात. यंदा अ‍ॅडमिरल्टी बेच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला राहा. इथे तुमचे गुडघे आडवे येतात, म्हणून नीट सांगते. बेक्वे जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, पण सपाट जमीन फार थोडी. नकाशावर दोनशे मीटर दिसणारं घर प्रत्यक्षात पन्नास पायऱ्या वर निघतं. 'अप्रतिम देखावा' असं जाहिरातीत लिहिलेलं असलं की समजायचं, चढ आहे. पोर्ट एलिझाबेथ या बेटावरच्या मुख्य गावापासून पाण्याच्या कडेकडेनं बेलमाँटची पायवाट जाते. त्या पट्ट्यातलं घर किंवा लहानसं हॉटेल बघा. गाव, धक्का, दुकानं, चार-सहा खाणावळी सगळं सपाट रस्त्यानं पायाखाली. पायवाट पुढे टेकाडाला वळसा घालून प्रिन्सेस मार्गारेट बीचवर उतरते, त्या भागात मात्र पायऱ्या आहेत. ज्या दिवशी गुडघे नको म्हणतील त्या दिवशी धक्क्यावरून वॉटर टॅक्सी घ्या. छोटी रंगीत होडी, पाच-दहा मिनिटांचं काम. किनाऱ्यावर उतरताना पाण्यात पाय टाकावा लागू शकतो, तेव्हा यजमानांना आधी उतरवा आणि त्यांचा हात धरा.

आरक्षण करण्यापूर्वी घरमालकाला एकच प्रश्न विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या? आकडा लेखी घ्या.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, हा माझा दुसरा आग्रह. रोज तीन वेळा बाहेर खाणं दहा दिवस निभत नाही, पैशानंही नाही आणि पोटानंही नाही. आणि मला विचाराल तर बेटाशी खरी ओळख बाजारात होते. धक्क्याजवळच्या भाजीबाजारात विक्रेते मोठ्यानं हाका मारतात, पहिल्या दिवशी थोडं अंगावर येतं. हसून "गुड मॉर्निंग" म्हणा, मग भाव विचारा. तिथे नमस्कार न करता थेट कामाचं बोलणं उद्धट समजतात, दुकानात, टॅक्सीत, सगळीकडेच. तिसऱ्या दिवशी तीच बाई तुमच्यासाठी पिकलेला आंबा बाजूला काढून ठेवते.

तुमचं माहेर मालवणकडचं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगते, तिथे नीरफणस भरपूर मिळतो. १७९३ मध्ये ब्रिटिश आरमारातल्या कॅप्टन ब्लायनं ताहितीहून त्याची रोपं सेंट व्हिन्सेंटला, म्हणजे त्या देशाच्या मुख्य बेटावर आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्त अन्न म्हणून. आज भाजलेला नीरफणस आणि तळलेली जॅकफिश हे त्या देशाचं राष्ट्रीय जेवण आहे. तिथली माणसं तो अख्खा निखाऱ्यावर भाजतात, साल काळी ठिक्कर होईपर्यंत, आणि मग सोलून फोडी करतात. मी मात्र तिखट, हळद आणि रवा घरून नेते आणि काप करते. एकदा शेजारच्या घरातली आजी वासानं दारात आली. दोन काप उभ्या उभ्या खाऊन तिनं विचारलं, "हे तुमच्याकडेही पिकतं?" मग आम्ही तासभर अंगणात बसून बोललो. दुकानात 'रोटी' नावानं मटणाचा किंवा कोंबडीचा रस्सा भरलेली मोठी घडी मिळते. भारतातून करारावर नेलेल्या मजुरांच्या मागोमाग हे खाणं या बेटांवर रुजलं. सेंट व्हिन्सेंटला त्यांचं पहिलं जहाज मद्रासहून आलं, १ जून १८६१ रोजी.

दिवसांची आखणी मी अशी करते. पहिले दोन दिवस पूर्ण रिकामे. तिसऱ्या दिवसापासून दिवसाला एकच ठरलेली गोष्ट, तीही सकाळी. बाकी वेळ पोहणं, झोप, वाचन. ऐकायला हे आळशीपणाचं वाटेल, पण बेट स्वतःचा ताल लावतं आणि तो पकडायला आपल्यासारख्यांना दोन-तीन दिवस लागतातच. पहाटे सहाला खाडीचं पाणी तेल ओतल्यासारखं स्थिर असतं, नांगरलेल्या शिडाच्या बोटींवरून भांड्यांचा आवाज येतो. नऊ-साडेनऊला ऊन तापतं. दुपारी गाव मंदावतं. सूर्य वर्षभर साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि संधिप्रकाश फारसा रेंगाळत नाही. चेन्नईच्याच अक्षांशावर आहे हे बेट. त्या वेळी वाळूवर बारीक चिलटं चावतात, तेव्हा पाय झाकून बसा. चौथ्या दिवशी तुम्ही घड्याळ न बघता पोहायला निघाल, तेव्हा समजा की सुट्टी सुरू झाली. चार रात्रींच्या सहलीत त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही परत निघाला होतात.

आता यजमानांच्या कंटाळ्याचा विचार. माझ्या अनुभवात दहा दिवस चोवीस तास एकत्र राहणं हे पंचवीस वर्षं संसार केलेल्या जोडप्यालाही जड जातं. घरी प्रत्येकाचं काम असतं, इथे नसतं. म्हणून दोन-तीन सकाळी वेगवेगळ्या घालवा, ठरवून. तुमचे यजमान अभियंता आहेत, म्हणजे त्यांना हातांचं काम बघायला आवडणार. बेक्वे हे पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधणाऱ्यांचं बेट. किनाऱ्यावरच शिडाची गलबतं उभी राहायची. फ्रेंडशिप रोझ हे लाकडी गलबत असंच फ्रेंडशिप बेच्या वाळूवर बांधलं, १९६९ मध्ये पाण्यात उतरवलं. ते कितीतरी वर्षं बेक्वे आणि सेंट व्हिन्सेंटदरम्यान माणसं आणि टपाल नेत होतं. आता त्या कारागिरीतलं बरंचसं पोर्ट एलिझाबेथच्या नमुना-बोटींच्या, म्हणजे बोटींच्या लहान प्रतिकृतींच्या कारखान्यांत टिकून आहे. मुलं तर नारळाच्या सोडणाला शीड लावून शर्यती लावतात, आपल्याकडे कोकणात पोरं खेळायची तशाच.

देवमाशांच्या शिकारीबद्दलही त्यांना तिथल्या जुन्या माणसांशी बोलू दे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं बेक्वेच्या लोकांना पारंपरिक निर्वाहासाठी वर्षाला सरासरी चार हंपबॅक देवमासे मारायची मुभा दिलेली आहे. शिडाच्या उघड्या होड्या आणि हातानं फेकायचा भाला, ही तिथली रीत. मला स्वतःला ते पटत नाही आणि तिथल्याही सगळ्यांना पटत नाही. पण पाहुण्यानं आधी ऐकून घ्यावं असं मला वाटतं. पॅजेट फार्मच्या कोळीवाड्यात एखाद्या म्हाताऱ्याशी बोललात तर त्या बेटाचं पोट कसं भरत आलं ते कळेल.

काय बदललंय, तेही सांगून ठेवते, म्हणजे तिथे गेल्यावर दचकायला नको. २०१४ मध्ये तुम्ही बार्बाडोसहून लहान विमानानं गेला होतात. २०१७ मध्ये सेंट व्हिन्सेंटला आर्गाइल विमानतळ सुरू झाला आणि मोठी विमानं थेट यायला लागली. त्यामुळे पाहुणे वाढले, टेकड्यांवर नवी घरं दिसतील. खाडीत नांगरलेल्या बोटीही हंगामात दाट असतात. पूर्वेच्या किनाऱ्यांवर काही महिने सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगानं येतं, वास येतो, पोहता येत नाही. फ्रेंडशिप बे त्या बाजूला उघडा आहे. तुम्हाला पश्चिमेला राहा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. आणि न बदललेलं: रस्त्यात "गुड मॉर्निंग", छपरावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवणं (बेटावर एकही नदी नाही, म्हणून अंघोळ आटोपशीर ठेवा), आणि बेंच टाकलेल्या पिकअपच्या टॅक्सी.

कधी जावं, हे तुमच्या रजेवर आणि अंगावर घेण्याच्या तयारीवर अवलंबून आहे. डिसेंबर-जानेवारीत वारे जोरात असतात आणि भावही. ईस्टरला शर्यतींचा मोठा उत्सव असतो. बघण्यासारखा आहे, पण निवांतपणा हवा असेल तर तेव्हा नको. मी दुसऱ्यांदा जाणाऱ्यांना ईस्टर उलटल्यानंतरचे तीन-चार आठवडे सुचवते: कोरडी हवा, मोकळे किनारे, खाणावळी अजून उघड्या. लॉबस्टरची आवड असेल तर एप्रिलअखेरपर्यंतच जा, १ मे ते ३१ ऑगस्ट पकडायला बंदी असते. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. बेरिल तर जुलैच्या पहिल्याच दिवशी आलं. त्या महिन्यांत स्वस्त मिळतं, पण पैसे परत देणारा विमा आणि मनाची तयारी दोन्ही हवं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निम्मं गाव बंद असतं.

प्रवासात माणसं चुकतात ती शेवटच्या टप्प्यात. आर्गाइलहून राजधानी किंग्सटाउनच्या धक्क्यापर्यंत टॅक्सीनं अर्धा-पाऊण तास धरा, तिथून बेक्वेची बोट तासाभराची. रविवारी फेऱ्या कमी. विमान दुपारी तीननंतर उतरणार असेल तर मी पहिली रात्र सेंट व्हिन्सेंटलाच ठेवते. एकदा एका जोडप्यासाठी मी वेळ फार ताणून धरली. विमानाला उशीर झाला, शेवटची बोट सुटली आणि ती दोघं बॅगा घेऊन अंधारात धक्क्यावर उभी राहिली. ती चूक माझी होती, पुन्हा केली नाही. मुक्काम पडलाच तर सकाळी किंग्सटाउनची बॉटनिकल गार्डन बघा, १७६५ ची आहे. बोटीत मधल्या डेकवर, मागच्या बाजूला बसा. दोन बेटांमधल्या खाडीत लाटा आडव्या येतात, पोटात कालवत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या. न्यू जर्सीच्या आणि तिथल्या घड्याळात उन्हाळ्यात फरक नाही, हिवाळ्यात फक्त एक तास, त्यामुळे झोपेचं गणित बिघडत नाही.

पैशांचं सोपं आहे. पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. भाजी, व्हॅन आणि वॉटर टॅक्सीसाठी तिथल्या नोटा जवळ ठेवा, आणि भाव सांगताना कुठला डॉलर ते आधी विचारा. दोन सूचना आणखी: लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे सामान्य माणसानं ते घालणं बेकायदा आहे. आणि किनाऱ्यावर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेल्या मँचिनीलच्या झाडाखाली पावसात उभं राहू नका. त्याच्या चिकानं कातडीवर फोड येतात. फळ तर चुकूनही चावायचं नाही.

थोडक्यात, यजमानांना हे सांगा: मुक्काम एक, घर पश्चिमेला सपाट रस्त्यावर, सफर एक, आणि दोन-तीन सकाळी ज्याच्या त्याच्या. एवढं त्यांना मान्य झालं तर विमानाआधी घराचं आरक्षण करा. बेलमाँटच्या पट्ट्यात घरं मोजकीच आहेत.

आणि दुसऱ्या दिवशी, अजून काहीच ठरवलेलं नसताना, चालत गावात जा. नमुना-बोटी करणाऱ्यांची दारं उघडीच असतात. आत गम नावाच्या हलक्या लाकडाचा भुसा पडलेला असतो, एखादा कारागीर बोटभर लांबीच्या सांध्यावर पॉलिश कागद फिरवत असतो. यजमानांना तिथे सोडा, ते तासभर काही बाहेर येत नाहीत. तुम्ही समोर पाण्याच्या कडेला बदामाच्या झाडाखाली बाकावर बसा. झाड आपल्या कोकणातलंच आहे, तीच मोठी पानं, लाल होऊन गळणारी. अकराच्या सुमाराला बोट धक्क्याला लागली की तिच्यातून उतरणारी माणसं, गॅसच्या टाक्या आणि कोंबड्यांचे खोके बघत बसा. यजमान आले की मग जेवायला जा.